निमजेंकडे सेल आहे

५ ऑक्टोबर, रविवार
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात, आणि मोठं काम आजच हाती आलं आहे.

झालं असं की आमची सौभाग्यवती, शामला, दिवाळीची साफसफाई काढून बसली होती. टीव्हीखालच्या खणातून रिमोटचे, घड्याळाचे, टॉर्चचे असे ओंजळभर मेलेले सेल निघाले. काहींना हिरवट पाणी सुटलेलं. ती ते सरळ ओल्या कचऱ्याच्या बादलीत टाकायला निघाली. मी तिचा हात धरला. एक सेल मातीत गेला की माती नासते, विहिरीचं पाणी नासतं, हे मी मोबाईलवर पूर्ण वाचलेलं आहे (हेडिंग आणि वरचा परिच्छेद). शामला म्हणाली, मंग काय तुमच्या डोक्यावर ठेवू का.

संकल्प: दिवाळीपूर्वी आमचं अख्खं अपार्टमेंट घातक कचऱ्यापासून मुक्त. सेल, ट्यूबलाइट, जुनी औषधं, अ‍ॅसिड, पेंट, सगळं. नेतृत्व माझं. एसटी डेपोत कंट्रोलर होतो, आयुष्यभर गाड्या वेळेवर सोडल्या (बहुतेक). इथे तर सेल सोडायचे आहेत.

दुसरं किरकोळ काम: मागची खोली रिकामी करणे. आमची वेदिका भाऊबीजेनंतर पहिल्या बाळंतपणाला माहेरी येते आहे. इथल्या, नागपूरच्या रामदासपेठेतल्या डॉक्टरणीने सांगितलं की आता दवाखान्याच्या जवळ राहा. विहीणबाईंना मात्र सून आपल्याकडे, सावनेरलाच हवी, आणि त्या निमित्त शोधून राहिल्या आहेत असं शामलाचं म्हणणं. खोली स्वच्छ, मोकळी दिसली नाही तर पोर हातची जाईल. एका दुपारचं काम आहे.

६ ऑक्टोबर, सोमवार
सेक्रेटरी धम्मदीपला मोहिमेबद्दल सांगितलं नाही. मुलगा हुशार आहे, पण वय काय त्याचं. शिवाय त्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून मी गेल्या महिन्यात तत्त्वासाठी बाहेर पडलो. रोज सकाळी मी फुलांचे फोटो टाकत होतो, त्याने विनंती केली की काका, एकच टाका. एका फुलाने काय होतं.

लिफ्टशेजारच्या बोर्डावर स्वतःच्या अक्षरात सूचना लावली: ‘जुन्या बॅटऱ्या निमजे यांच्याकडे आणून द्याव्यात.’ बस्स. गाडीच्या पाटीवर आपण ‘सावनेर’ एवढंच लिहितो. सावनेरला काय आहे, कशाला जायचं, हे लिहीत नाही. सूचना अशीच असावी.

८ ऑक्टोबर, बुधवार
प्रतिसाद उदंड, पण चुकीचा. लोकांनी हातातल्या बॅटऱ्या आणल्या. म्हणजे टॉर्च. आपल्याकडे टॉर्चला बॅटरी म्हणतात हे मला माहीत आहे, पण समोरच्याला संदर्भ कळू नये?

दुसऱ्या मजल्यावरचे नत्थूजी म्हणाले, कधी दुरुस्त करून देता जी, मले पहाटे फिराले जा लागते. मी त्यांना विज्ञान समजावलं, आतले सेल काढून घेतले आणि बॅटरी परत दिली. संध्याकाळी ते पुन्हा आले. म्हणाले, आधी तर लागत होती. सेल परवाच घातले होते म्हणे. पण तोवर मी सगळे एकत्र केले होते, आणि नवे-जुने ओळखायची सोय नव्हती. समाजकार्यात एखाद्याचं नुकसान होतंच.

सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावली. शास्त्रीय पद्धत आहे. मग कोरड्या, हवाबंद डब्यात भरले. असा डबा स्वयंपाकघरात एकच सापडला, निळ्या झाकणाचा.

मागची खोली: उद्या.

९ ऑक्टोबर, गुरुवार
बॅटरी या शब्दातच घोळ आहे. ‘सेल’ हा नेमका शब्द. नवी सूचना लावली:

‘रविवारी सकाळी निमजे यांच्याकडे सेल. जुना माल. लहान, मोठे, चपटे, सगळे साइज. पिशव्या सोबत आणाव्यात.’

दोनदा वाचली. गैरसमजाला जागाच नाही. लोकांनी पिशव्यांतून सेल आणावेत, साइज कुठलाही चालेल, हे शाळकरी पोरालाही कळेल. धम्मदीप बोर्डापाशी थांबून वाचत होता. म्हणाला, काका, नक्की काय विकता? मी हसून सोडून दिलं. मत्सर.

११ ऑक्टोबर, शनिवार
शामला सकाळच्या गाडीने सावनेरला गेली. वेदिकाला आईच्या हातचा चिवडा खावासा वाटतो आहे, तो घेऊन. विहीणबाईंशी येण्याची तारीखही पक्की करून येणार. जाताना मला बजावलं, उद्या रविवार आहे, ते मागच्या खोलीतलं सारं सामान हलवून ठेवजा, पोरीची खाट टाकाची आहे. मी म्हटलं, समज की हललं.

१२ ऑक्टोबर, रविवार
ऐतिहासिक दिवस. आमच्या दारापुढे रांग.

बहुतेक बायकाच, आणि सगळ्यांच्या पिशव्या रिकाम्या. पहिल्या मजल्यावरची मेघा पुढे होती. तिने विचारलं, काका, कुर्ते आहेत का, एक्सएलमध्ये? मी म्हटलं, माझ्याकडे डबल ए आणि ट्रिपल ए आहे. ती म्हणाली, ट्रिपल ए म्हणजे फारच लहान असेल ना? मी म्हटलं, करंगळीएवढा. इथे मला थोडी शंका आली.

खालच्या कौसल्याबाई सोफ्यावर बसून म्हणाल्या, लवकर दाखवा जी काय आहे ते, माही भाजी गॅसवर आहे.

परिस्थिती नाजूक होती. एवढ्या बायका दिवाळीच्या तोंडावर घरी आल्या, त्यांना रिकाम्या हाती पाठवायचं? निमजेंचं नाव काय राहील? आणि तेव्हाच मला सुचलं. मागच्या खोलीतलं सामान हलवायचंच आहे. तिथे पलंगाखाली एका गाठोड्यात जुनी लुगडी पडलेली. विरलेली, रंग उडालेली, नऊवारी. आज कोण नेसतं? मी गाठोडं आणून सोडलं आणि जाहीर केलं की फुकट. मिनिटात संपलं. नत्थूजीही एक घेऊन गेले, स्कूटरवर झाकायला.

दोन पक्षी एका दगडात मारले. खोली हलकी झाली आणि लोकसंपर्क वाढला. जाताना सगळ्यांना घातक कचऱ्याबद्दल सांगितलं. सगळ्या म्हणाल्या, हो हो, आमच्याकडे लई आहे.

शामला खूश होईल.

१३ ऑक्टोबर, सोमवार
शामला खूश नाही.

क्रमाने लिहितो. एक, निळ्या झाकणाचा डबा हा चिवड्याचा डबा होता. तो सापडेना म्हणून तिने चिवडा दुसऱ्याच डब्यात भरला, जाताना सवयीने निळ्या झाकणाचा उचलला, आणि, थोडक्यात, तिने सावनेरला सेल नेले. विहीणबाईंनी पाहुण्यांसमोर झाकण उघडलं. हा तुमच्या नागपूरचा चिवडा का, असं त्या म्हणाल्या. वेदिका इतकी हसली की तिला पाणी प्यायला द्यावं लागलं. बाकी कोणी हसलं नाही. (सेलना चिकटपट्टी लावलेली होती, म्हणजे धोका शून्य. हे कोणी लक्षात घेत नाही.)

दोन, लुगडी. ती माझ्या सासूबाईंची, जिजाबाईंची होती. सासऱ्यांनी स्वतःच्या हातमागावर विणलेली. सासूबाई गेल्या तेव्हा शामलाने बाकी काही मागितलं नाही, भावाकडून ते गाठोडं तेवढं आणलं. धुऊन धुऊन लोण्यासारखी मऊ झाली होती. वेदिका झाली तेव्हा तिला त्यातच गुंडाळलं होतं, आणि आता वेदिकाच्या बाळासाठी ठेवली होती. शामला एवढंच म्हणाली, तुमचे बाबा पण मागावर बसत होते ना जी, तुमाले हाताले सूत समजलं नाही का.

मी म्हटलं, रांग लागली होती. ती आत निघून गेली.

संकल्प: उद्या सर्व लुगडी परत.

१४ ऑक्टोबर, मंगळवार
फुकट दिलेली वस्तू परत मागणं हे पोटात दुखत असताना भाषण करण्यासारखं आहे. तरी निघालो.

कौसल्याबाई म्हणाल्या, लुगडं नेजा ना, मी कायले नाही म्हणतो. पण तुमी ते घातक सामान नेता ना, मंग हे पण नेजा. संडास साफ करायच्या अ‍ॅसिडच्या बाटल्या, बुडाशी थोडं थोडं उरलेल्या, आणि उंदरांचं औषध. नाही म्हणायला तोंड नव्हतं.

मेघाने लुगड्याचे दोन तुकडे केले होते, पंखे पुसायला. एक पुसून झालेला. ती बिचारी ओशाळली आणि दोन्ही तुकडे धुऊन दिले. सोबत जळलेले सीएफएल दिवे आणि सासऱ्यांची मुदत संपलेली औषधं पिशवीभर.

१५ ऑक्टोबर, बुधवार
नत्थूजींनी लुगडं स्कूटरवरून काढून दिलं, घडी घालून. माणूस सज्जन. बदल्यात इन्व्हर्टरची जुनी बॅटरी दिली. ही मात्र खरी बॅटरी. दोघांनी उचलून आणताना माझ्या कमरेतून आवाज आला. ते म्हणाले, माह्या टॉर्चच्या सेलचं काय झालं जी? मी विषय बदलला.

इतर घरांतूनही लुगडी आली. प्रत्येकासोबत काहीतरी: पेंटचे डबे, थिनर, झुरळांचा फवारा, फुटका पाऱ्याचा थर्मामीटर बरणीत. संध्याकाळी सगळी लुगडी शामलाच्या हातात ठेवली. तिने एकेक मोजून, हुंगून पाहिलं. एकाला पेट्रोलचा वास येत होता. पण सगळी परत आली, हे माझं यश. मागची खोली मात्र आता जमिनीपासून खिडकीपर्यंत भरली आहे.

पण मला चिंता नाही. शहरात घातक कचरा घेणारं केंद्र आहे. ते शनिवारी घेतात की शुक्रवारी, एवढाच तपशील. मला वाटतं शुक्रवारी.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार
शनिवारी.

इन्व्हर्टरची बॅटरी ऑटोत घालून नेली आणि त्याच ऑटोने परत आणली. केंद्रातल्या बाई अगदी नम्र होत्या. म्हणाल्या, उद्या या, आणि एकदम मोठं सामान असेल तर सोसायटीने फोन केल्यास गाडीच येते, तुमच्या सेक्रेटरींना सांगा. मी म्हटलं, सेक्रेटरीची गरज नाही.

१८ ऑक्टोबर, शनिवार
आज धनत्रयोदशी. धनत्रयोदशीला घरातली वस्तू बाहेर देत नाहीत, म्हणून गेलो नाही. शामला म्हणाली, ते साखर-मीठ देत नाही हो, उंदराचं औषध देत नाही असं कोणत्या शास्त्रात लिहिलं. मी म्हटलं, श्रद्धा ती श्रद्धा.

खरं कारण कंबर.

२० ऑक्टोबर, सोमवार
खोलीत सुव्यवस्था आणायची ठरवली. वस्तूंची वर्गवारी केल्यावर जागा मोकळी होते. पेंट उजवीकडे, औषधं डावीकडे. डबे हलवताना थिनरचा एक कलंडला. थोडाच. म्हणजे अर्धा. तो पुसायला फिनाइल घेतलं. आता खोलीत दोन्हींचे वास आहेत, आणि ते एकमेकांना मारत नाहीत.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन
घरभर पणत्या. मागच्या खोलीच्या खिडकीत शामलाने पणती ठेवू दिली नाही. म्हणाली, लक्ष्मी यायच्या आधी घरच उडून जाईल. पूजेला बसलो तरी तिचं लक्ष सारखं त्या बंद दाराकडे. मी मनात म्हटलं, लक्ष्मी समजूतदार आहे.

२२ ऑक्टोबर, बुधवार
विहीणबाईंचा फोन. कौसल्याबाईंची बहीण सावनेरला त्यांच्याच गल्लीत राहते हे मला कोणी सांगितलं नव्हतं. त्यांना सगळं कळलं आहे, अ‍ॅसिड, पारा, उंदराचं औषध, सगळं. विहीणबाई म्हणाल्या, ज्या घरात पाय ठेवाले जागा नाही तिथे मी गरवार सून पाठवत नाही. बाळंतपण सावनेरलाच होईल, तुमी दवाखान्यात पाहाले येजा.

शामला फोन ठेवून मागच्या खोलीच्या उंबऱ्यात बसली. मांडीवर ती लुगडी. ती रडली. आवाज न करता रडली, म्हणून जास्त वाईट वाटलं. इतकी वर्षं तिने या दिवसाची वाट पाहिली आणि मी खोलीत थिनर सांडून बसलो. शेवटी म्हटलं, मी उद्या पायी जाऊन एकेक डबा पोचवतो. तिने डोळे पुसले आणि म्हणाली, तुमी आता काहीही करू नका. हात जोडतो.

एवढं ऐकून मी काहीही न करण्याचं ठरवलं.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज
शामला भावाला ओवाळायला जायच्या आधी वरच्या मजल्यावर धम्मदीपकडे गेली. पाच मिनिटांत खाली आली. त्याने केंद्रावर फोन केला, उद्या सकाळी गाडी येणार. तो म्हणाला म्हणे, काकू, मी तर ग्रुपवर दर महिन्याला टाकतो गाडी कधी बोलवायची ते, काकांनी पाहिलं नाही का?

मी ग्रुपमध्ये नाही, हे त्याला माहीत आहे. टोमणा होता.

मग तिने विहीणबाईंना फोन लावला आणि मला खोलीबाहेर काढलं. बराच वेळ बोलली. बाहेरून एवढंच ऐकू आलं की पोरीचा जीव इकडे लागला आहे, आणि डॉक्टरणीने सांगितलं आहे, आणि तुमाले माह्यावर भरवसा नाही का. शेवटी विहीणबाई तयार झाल्या. अट एकच, त्या वासाच्या खोलीत सून झोपणार नाही.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार
गाडी आली. सगळं गेलं. सेल वेगळे, पारा वेगळा, अ‍ॅसिड वेगळं, सगळं त्यांनी आपापल्या पेट्यांत नेलं. मी गच्चीवरून मार्गदर्शन केलं. धम्मदीपने खाली सगळ्यांना सांगितलं की निमजे काकांमुळे एवढा कचरा एका जागी गोळा झाला. मुलगा वाईट नाही. टाळ्या झाल्या. मी हात हलवला, पण लोक गाडीवाल्यांसाठी वाजवत होते.

दुपारी वेदिका आली. पायऱ्या हळूहळू चढली, धापा टाकत, हसत. पहिला प्रश्न, बाबा, चिवडा आहे का, की चार्ज करून राहिले? तिला पाहून मला एकदम भरून आलं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि काहीच बोललो नाही, हे सगळ्यांना आवडलं.

शामलाने आमच्या मोठ्या खोलीत तिची खाट टाकली. खिडकीपाशी, उजेडात. उशाशी ती लुगडी, पुन्हा धुतलेली. स्वतःची गादी तिच्या शेजारी. मग माझी खाट कुठे, हा प्रश्न आला, आणि तो फार वेळ राहिला नाही.

२५ ऑक्टोबर, शनिवार
मागच्या खोलीत झोपलो. थिनरचा वास रात्रभर नाकात. खिडकी उघडी ठेवली तर डास, लावली तर वास. पण मी तक्रार करणाऱ्यातला नाही. नेता शेवटपर्यंत आघाडीवर असतो.

वेदिकाला खायला नेऊन देऊ का विचारलं, शामला म्हणाली नको. तिची औषधं लावून ठेवू का, म्हणाली अजिबात नको. बाळाच्या पाळण्याचे नट मी तपासतो म्हटलं, तर दोघी एकदम नाही म्हणाल्या. मोहिमेनंतर मला विश्रांती मिळावी असा त्यांचा हेतू असावा.

आत्ता शामला विहीणबाईंशी फोनवर बोलून राहिली आहे. त्यांना अजून काळजी आहे की घरात काही धोक्याचं उरलं तर नाही. शामला म्हणाली, बिलकुल काळजी करू नका विहीणबाई, या घरात जे काही घातक होतं ते मी मागच्या खोलीत टाकलं आहे, पोरीच्या आसपास फिरकू देत नाही.

हे चूक आहे. सामान तर कालच गाडीने गेलं. इथे आता माझ्या खाटेशिवाय काही नाही. शामलाची माहिती जुनी झाली, उद्या तिला सांगायला हवं.